भाच्याची बँकॉकची नोकरी आणि लॉजवर सापडलेली बाई

शहाद्याकडच्या एका गुरुजींनी दोन प्रश्न पाठवले आहेत. पहिला घरातला. बहिणीचा मुलगा बारावी पास, कॉम्प्युटरचा कोर्स झालेला. सुरतच्या एका एजंटाने त्याला बँकॉकला डेटा एन्ट्रीची नोकरी सांगितली आहे. पगार महिना सत्तर हजार, खर्च दीड लाख, निम्मे आधी. दुसरा प्रश्न पेपरातला. महामार्गावरच्या एका लॉजवर छापा पडला, त्यात एक बांगलादेशी बाई सापडली आणि ‘घुसखोर महिलेला अटक’ अशी बातमी आली. गुरुजी विचारतात, माणसांच्या व्यापाराविरुद्ध आपल्या देशाने शेजाऱ्यांशी करार केलेत म्हणतात, ते करार या दोघांच्या काय कामाचे?

गुरुजी, नमस्कार. धुळे आणि जळगावच्या कोर्टांत मी बावीस वर्षं वकिली करतो आहे, त्यातला बराच काळ मोफत कायदेशीर मदतीच्या पॅनेलवर. कुंटणखान्यातून सोडवलेल्या बायका, परदेशात अडकलेल्या पोरांचे आईबाप, उसाच्या फडावरून रातोरात निघून आलेली जोडपी, असे पक्षकार माझ्याकडे येत राहिले. तुम्ही दोन प्रश्न वेगवेगळे म्हणून विचारलेत. मला तो एकच प्रश्न वाटतो. का, ते सांगायला वेळ लागेल, म्हणून घाईचं तेवढं आधी सांगतो: पैसे देऊ नका. निम्मेही नाही.

भाच्याला जाहिरातीत बँकॉक सांगतात. विमानतळावर घ्यायला गाडी येते आणि ती शहरात न जाता काही तास पश्चिमेला पळते, मे सॉट नावाच्या सीमेवरच्या गावाला. पुढे मोई नदी. पलीकडे म्यानमारचं म्यावड्डी. पावसाळ्याआधीची आपली गोमाई नदी आठवा, मोईपलीकडे जाऊन आलेल्या एका पोराने मला त्या नदीचं वर्णन तसंच करून सांगितलं होतं, इतकी ती ओलांडायला सोपी. नदीपलीकडे उंच भिंतींची आवारं आहेत. पासपोर्ट आणि फोन काढून घेतात, दिवसाला बारा-पंधरा तास कॉम्प्युटरपुढे बसवतात आणि खोट्या नावाने अनोळखी माणसांशी मैत्री करून त्यांना गुंतवणुकीच्या नावाखाली लुबाडायला लावतात. ‘घरी जायचंय’ म्हटलं की डॉलरमध्ये रक्कम सांगतात. अशा ठिकाणांहून सुटलेल्या २८३ भारतीयांना १० मार्च २०२५ रोजी वायुदलाच्या विमानाने मे सॉटहून परत आणलं, दुसऱ्या दिवशी आणखी २६६ जणांना. दोन दिवसांत ५४९. त्यांतले बहुतेक तुमच्या भाच्यासारखेच, शिकलेले, कॉम्प्युटर येणारे.

आपला कायदा अशा पोरांना विमानतळावर का थांबवत नाही, हे समजून घ्या. १९८३ चा उत्प्रवास कायदा आखाती देशांत मजुरीला जाणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर अशी नोंद असते आणि ठरावीक १८ देशांत कामाला जायचं तर त्याला आधी सरकारची मंजुरी काढावी लागते. दहावी झालेल्याला ती लागत नाही, कारण शिकलेला माणूस स्वतःची काळजी घेईल असं कायद्याने धरलं. त्या १८ देशांत थायलंड आहे. कंबोडिया, लाओस, म्यानमार नाहीत. म्हणजे तुमचा भाचा बारावी झालाय यानेच तो या चाळणीतून अलगद खाली पडतो. त्यात २०२३ च्या नोव्हेंबरपासून थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली. एजंट पोराला सांगतो, ‘विचारलं तर फिरायला चाललोय म्हण, परतीचं तिकीट दाखव.’ ते वाक्य त्याने काउंटरवर उच्चारलं की कागदावर तो पर्यटक झाला आणि पुढे जे घडेल ते सिद्ध करायचं ओझं त्याच्या आईवर आलं.

आता करारांकडे येऊ. माणसांचा व्यापार रोखण्यासाठी भारताने बांगलादेशाशी जून २०१५ मध्ये, कंबोडियाशी जानेवारी २०१८ मध्ये आणि म्यानमारशी फेब्रुवारी २०२० मध्ये सामंजस्य करार केले. मजकुराचा गाभा सारखाच असतो. दोन्ही बाजूंनी संपर्काचे अधिकारी नेमायचे, टोळ्यांची माहिती एकमेकांना द्यायची, सुटका झालेल्या माणसाला गुन्हेगार न मानता लवकर घरी पोचवायचं आणि तो पुन्हा त्याच चक्रात जाणार नाही हे बघायचं. हे कागद मी फुकाचे मानत नाही. करार नसताना एका बाईला परत पाठवायला कोणत्या दारावर थाप मारायची हेच कळत नसे, ते दिवस मी पाहिलेत. पण करार सरकारशी होतो, जागेशी होत नाही. म्यानमारशी सही झाली आणि वर्षभरात, १ फेब्रुवारी २०२१ ला, तिथे लष्कराने सत्ता घेतली. म्यावड्डीच्या त्या आवारांवर राजधानीतून हुकूम चालत नाही, तिथे हत्यारबंद गटांचं राज्य आहे. ज्याने सही केली त्याच्या हातात जागा नाही आणि ज्याच्या हातात जागा आहे त्याने सही केलेली नाही. म्हणून मार्चमधली ती माणसं यांगूनमार्गे न येता नदी ओलांडून थायलंडमार्गे आली.

आणि इथेच खरा पेच आहे. नदी ओलांडून आलेला पोरगा थायलंडच्या अधिकाऱ्यापुढे उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे प्रवेशाचा शिक्का नसतो, बरेचदा पासपोर्टही नसतो. कायद्याच्या नजरेने तो घुसखोर. पहिल्या काही तासांत त्याची चौकशी कोण करतो, कोणत्या भाषेत करतो आणि कागदावर काय लिहितो, यावर पुढचं सगळं ठरतं. ‘बेकायदा प्रवेश’ लिहिलं तर कोठडी, दंड, हद्दपारी. ‘फसवून आणलेला, डांबून ठेवलेला’ लिहिलं तर निवारा, दूतावास, विमान. त्या अधिकाऱ्याने तुमच्या भाच्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत असं तुम्हाला वाटेल ना? आता तेच आपल्या महामार्गावरच्या लॉजवर आणून बघा. तिथे तो अधिकारी आपल्याकडचा आहे आणि त्याच्यापुढे बाई उभी आहे.

भुसावळला हावड्याहून मुंबईला येणाऱ्या दोन्ही वाटा मिळतात, एक नागपूरवरून, एक जबलपूर-इटारसीवरून. जळगावहून सुरतेकडे जाणारा फाटा नंदुरबारवरून जातो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. बंगालकडून मुंबई, पुणे, सुरतेकडे नेली जाणारी बाई खानदेशातून जाते आणि कधीकधी इथेच थांबवली जाते. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे. तिथून ती कशी आली, हे पेपरवाल्याला मोठं वाटतं. मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की आणलं कोणी आणि पैसे कोणाच्या हातात जात होते?

केंद्रीय गृह मंत्रालयाची १ मे २०१२ ची सूचना आजही माझ्या फाइलच्या वरच असते. परदेशी माणूस माणसांच्या व्यापाराच्या प्रकरणात सापडला तर तो बळी आहे की व्यापारी, हे आधी तपासा. बाई किंवा मूल बळी आहे असं दिसलं तर तिच्यावर परकीय नागरिक कायद्याखाली दोषारोपपत्र ठेवू नका आणि ठेवलं असेल तर मागे घेण्याची पावलं उचला, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. तो जुना १९४६ चा कायदा आता गेला. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू आहे. वैध कागदाशिवाय प्रवेश केल्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. शिक्षा जितकी जड, तितका हा आधीचा तपास महत्त्वाचा, असं मी प्रत्येक वेळी कोर्टापुढे मांडतो.

एक प्रकरण जवळून सांगतो. काही वर्षांपूर्वी सुटका झालेली एक बाई सुधारगृहात होती. तिला हिंदी तोडकंमोडकं येत होतं, मराठी अजिबात नाही. पहिला जबाब हिंदीत घेतला गेला. पत्ता सांगताना ती आपल्या गावानंतर म्हणाली, ‘थाना शार्शा, जिला जशोर.’ बांगलादेशात थाना म्हणजे पोलीस ठाण्याचा भाग, आपल्या तालुक्यासारखा. आपल्याकडच्या लेखनिकाने ‘ठाणे’ लिहिलं, ते चूक नव्हतं. पुढे तो कागद पुन्हा टाईप करताना कोणाच्या तरी हातून ‘जि. ठाणे’ झालं. मग ती बाई ठाणे जिल्ह्यातली असल्याचा दावा करते, असं समजून पडताळणीचं पत्र तिकडे गेलं. तिथून उत्तर आलं, असं गाव नाही. मग शेरा पडला, ‘खोटा पत्ता देते.’ अकरा महिने गेले. ती त्या अकरा महिन्यांत रोज विचारायची, माझं पत्र पोचलं का?

शेवटी जळगावच्या सराफ बाजारात दागिने घडवणारे बंगाली कारागीर आहेत, त्यांतल्या एका वयस्कर माणसाला मी हात जोडून सुधारगृहात घेऊन गेलो. रीतसर परवानगी काढली होती. त्याने बंगालीत पहिला प्रश्न विचारला तो पत्त्याचा नव्हताच, जेवलीस का, एवढंच विचारलं. ती दहा मिनिटं रडली. मग तिने पेन्सिलीने नकाशा काढला: शाळा, शाळेपुढे बेनापोलला जाणारी बस थांबते ती जागा, वीटभट्टी, तळं, तळ्याच्या काठी मामाचं घर. तो कागद मी पत्त्याबरोबर जोडला. जिल्ह्याचं इंग्रजी स्पेलिंग बांगलादेशाने २०१८ मध्ये बदललं आहे, म्हणून जुनं-नवं दोन्ही लिहिलं.

करार चालतो तो असा. पत्ता इथून राज्याच्या महिला व बालविकास खात्यातून बांगलादेशाच्या कचेरीकडे, तिथून ढाक्याला, ढाक्याहून त्या गावच्या पोलिसांकडे. पोलीस घरी जाऊन विचारतात, ही मुलगी तुमची का? हो म्हटलं की कागद उलट्या वाटेने येतो, प्रवासाचा परवाना निघतो, आपल्याकडून बाहेर जाण्याची मंजुरी मिळते आणि पेट्रापोल-बेनापोलच्या फाटकावर तिला तिकडच्या अधिकाऱ्यांच्या आणि संस्थेच्या हवाली करतात. या साखळीतल्या एका कडीत एक शब्द चुकला तर दोन देशांची सही असलेला करार जागच्या जागी थांबतो. तिचा नकाशा जोडल्यावर चार महिन्यांत उत्तर आलं. ज्याने तिला विकलं त्याच्यावरचा खटला मात्र ती गेल्यावर ढेपाळला, कारण साक्षीदारच सीमेपलीकडे. आता व्हिडीओवरून साक्ष घेता येते. बाई जायच्या आधीच कोर्टाकडे तसा अर्ज द्यायचा असतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

लोक मला विचारतात, ‘ती स्वतःच्या पायांनी आली ना?’ तुमचा भाचाही स्वतःच्या पायांनी विमानात बसेल. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ म्हणतं, की जबरदस्ती, फसवणूक, आमिष, अधिकाराचा गैरवापर यांतून शोषणासाठी माणूस नेला, ठेवला, दिला किंवा घेतला तर तो माणसांचा व्यापार, आणि त्या माणसाची संमती होती की नव्हती याला अर्थ नाही. हे आपल्या नंदुरबारच्या माणसाला पुस्तकातून शिकवावं लागत नाही. अक्राणी-अक्कलकुव्यातून कोयत्याची जोडी दक्षिण गुजरातच्या उसावर जाते तेव्हा उचल स्वतःच घेते, अंगठाही स्वतःच देते. पण फडावर मारहाण झाली, पोर आजारी पडलं, आणि मुकादम म्हणाला ‘उचल फेडा नि मग जा’, तर तिथे संमती संपली. म्यावड्डीतला डॉलरचा आकडा आणि मुकादमाच्या वहीतली उचल, दोन्ही एकाच जातीच्या गाठी आहेत.

याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ३० मे २०२३ ला दानापूर-पुणे गाडीतून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली. बालव्यापाराचा गुन्हा दाखल झाला, मदरशांच्या पाच शिक्षकांना अटक झाली, ते सुमारे महिनाभर तुरुंगात राहिले. मुलं सांगलीकडच्या मदरशांत शिकायला चालली होती. पुढच्या वर्षी गैरसमजातून गुन्हा दाखल झाला असं म्हणून प्रकरण बंद झालं. त्या मुलांच्या आईबापांचे ते दिवस कोण परत देणार? प्रवास करणारा गरीब माणूस दिसला की व्यापार दिसायला लागणं, हा माझ्या क्षेत्रातला मोठा दोष आहे. कोण नेतंय, कशासाठी नेतंय, पोचल्यावर त्याला परत फिरता येईल का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय गुन्हा लिहू नये.

देशादेशांच्या करारांतही हीच गल्लत होते. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी दोन वेगळे करार केले, एक माणसांच्या व्यापाराचा, दुसरा पैसे घेऊन चोरट्या वाटेने सीमा ओलांडून देण्याचा. सीमा ओलांडून देणारा पैसे घेऊन मोकळा होतो. व्यापाऱ्याचं काम तिथून पुढे सुरू होतं. पहिल्यावर भारताने २००२ मध्ये सही केली आणि २०११ मध्ये त्याला अंतिम मान्यता दिली. पण स्थलांतराचे जे नवे करार होतात, त्यांत एका हाताने व्हिसा आणि दुसऱ्या हाताने ‘तुमची बेकायदा माणसं परत घ्या’ असा व्यवहार असतो. ब्रिटनशी मे २०२१ मध्ये झालेल्या करारात वर्षाला तीन हजार तरुणांसाठी वाट आहे आणि परत घेण्याची अटही आहे. व्यवहार म्हणून ते चूक नाही. मात्र परत पाठवण्याची यंत्रणा मजबूत आणि बळी ओळखण्याची दुबळी असेल, तर ज्याला विकलं तोच मान खाली घालून विमानातून उतरतो आणि ज्याने विकलं तो पुढच्या गावात ऑफिस उघडतो. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला १०४ भारतीय घेऊन उतरलं, त्यांत तिघे महाराष्ट्राचे. त्यांचे एजंट कोण होते, हा प्रश्न त्यांच्या पायातल्या बेड्यांइतका चर्चेला आला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. सरळ वाट अरुंद केली आणि बाकी काही केलं नाही, तर एजंटाचा भाव तेवढा वाढतो. दीड लाखाचे तीन लाख होतात.

आता तुमच्या कामाचं. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला केंद्र सरकारचा परवाना लागतो, देश कोणताही असो आणि पोरगा बारावी असो की पदवीधर. परवाना खरा की खोटा हे ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. परवानाधारकाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, म्हणजे १८ टक्के धरून ३५,४००. दीड लाख मागणारा त्या आकड्यानेच स्वतःची ओळख सांगतो. पर्यटक म्हणून जा आणि तिथे गेल्यावर वर्क परमिट करू, असं म्हणणाऱ्यापाशी बोलणं थांबवा.

पोरगं आधीच गेलं असेल तर काय, हेही सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत असं घर नक्की असेल. माझ्याकडे साक्री भागातली एक आई आली होती, दारातच उभी राहून म्हणाली, ‘मना पोऱ्या कोठे शे?’ बाकी तिला काही सांगता येत नव्हतं. पण तिच्या धाकट्या मुलाच्या फोनवर सगळं होतं: एजंटाला पाठवलेल्या यूपीआय रकमेचे स्क्रीनशॉट, तिकिटाचा पीएनआर, पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाचा फोटो, शेवटचं लोकेशन. एवढ्यावर काम होतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका, त्या देशातल्या आपल्या दूतावासाला तोच मजकूर ईमेलने पाठवा आणि त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवा. एजंट सुरतचा असला तरी ‘तिकडे जा’ हे उत्तर घेऊ नका. हद्द कोणतीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो.

कलमांत एक गोष्ट वकिलांकडूनही सुटते. उत्प्रवास कायद्याच्या गुन्ह्यात खटल्याला केंद्राची पूर्वपरवानगी लागते आणि ती येईपर्यंत एजंट गायब होतो. पण जाणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, पालक किंवा एकत्र कुटुंबाचा कर्ता यांनी तक्रार केली तर ती परवानगी लागत नाही. गुरुजी, मामा त्या यादीत नाही. तक्रार तुम्ही लिहून द्या, सही बहिणीची असू द्या. आणि त्या कायद्यातली शिक्षा दोन वर्षं नि दंड जेमतेम दोन हजार रुपये आहे, म्हणून फक्त तेवढ्यावर थांबू नका. कलम १४३ आणि फसवणुकीचं कलम ३१८ लावण्याचा आग्रह धरा. एकापेक्षा जास्त पोरं नेली असतील तर १४३ खाली किमान दहा वर्षं आहेत. गावातून आणखी कोणाला विचारणा झाली होती का, ते आजच शोधा.

लॉजवरच्या बाईबद्दल तुम्हाला थेट काही करता येणार नाही असं वाटेल. येतं. धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला एक साधं पत्र लिहा: अमुक तारखेच्या बातमीतल्या बाईला वकील मिळाला का, जबाब बंगाली जाणणाऱ्याच्या मदतीने घेतला का, ती बळी आहे का हे तपासलं का? या पत्राला कोर्टफी लागत नाही. दुभाष्या हवा असेल तर सराफ बाजारातले ते काका अजून आहेत, मी त्यांना विचारतो.

भाच्याचा पासपोर्ट तूर्त बहिणीच्या कपाटात राहू द्या. एजंटाचा परवाना क्रमांक मागा आणि तो जे सांगेल ते मला पाठवा. क्रमांक द्यायला टाळाटाळ केली, तर त्याचा फोन नंबर आणि त्याने पाठवलेली जाहिरात पाठवा.